गावाला हवा एक चांगला दलाल

कॅनडातल्या ग्वेल्फ शहरात, टोरांटोपासून तासाभराच्या अंतरावर, २०२१ साली हॉटेलात एक ताट वाढलं जात होतं. ट्राउट मासा, बटाटे आणि आंबवलेल्या पिठाचा पाव. दिसायला अगदी साधं. खरी करामत ताटामागे होती.

वेलिंग्टन ब्रुअरीत बिअर बनवताना धान्याचा ओला चोथा उरतो. तो टिकत नाही, लगेच आंबून वास मारतो. त्यातला काही पावाच्या पिठात गेला. काही ओरेका सोल्युशन्स या कंपनीकडे गेला आणि त्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या पोसल्या गेल्या. अळ्या इझुमी अ‍ॅक्वाकल्चरच्या ट्राउटना खाद्य म्हणून मिळाल्या, अळ्यांखालचं खत स्मॉइड यांच्या बटाट्याच्या शेतात पडलं. मासा, बटाटे आणि पाव शेवटी ‘द नेबरहुड ग्रुप’च्या हॉटेलांत एका ताटात आले. अळ्या ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी खुलासा: त्या ताटात नव्हत्या, माशाच्या पोटात गेल्या होत्या.

उरलंसुरलं असं कामी लावणं जागतिक उद्दिष्टांतही बसतं. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं (एसडीजी) ठरवली, त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं. बारावं उद्दिष्ट जबाबदार उत्पादन आणि उपभोगाचं; दुकानांत आणि घरांत वाया जाणारं अन्न २०३० पर्यंत माणशी निम्म्यावर आणायचं, हे त्यातलंच. कॅनडाने २०१८ साली या उद्दिष्टांसाठी केंद्र सरकारात वेगळा कक्ष काढला, २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरणही जाहीर केलं. पण त्या देशात नोकर ठेवणाऱ्या दर १०० धंद्यांपैकी सुमारे ९८ धंदे शंभरच्या आत माणसं असलेले. पहाटे चारला भट्टी पेटवणारा बेकरीवाला १६९ लक्ष्यं कधी वाचणार? उद्योगांसाठी २०१५ साली निघालेली ‘एसडीजी कंपास’ ही मार्गदर्शिकाही मुख्यतः बड्या बहुराष्ट्रीय कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. मग छोटा मालक सोपा मार्ग धरतो, वेबसाइटवर उद्दिष्टांचं ते १७ रंगांचं चक्र चिकटवतो आणि मोकळा होतो. तेही आता जपून करायला हवं, कारण पर्यावरणाच्या दाव्यांना पुरावा मागणारी कलमं २०२४ साली तिथल्या स्पर्धा कायद्यात आली आहेत.

मराठी वाचकाला ग्वेल्फची गोष्ट फार नवलाची वाटू नये. आपल्या साखर कारखान्यात बगॅस म्हणजे उसाचा चोथा बॉयलरमध्ये जातो, मोलॅसिस म्हणजे मळी डिस्टिलरीत आणि प्रेसमड म्हणजे रसातला गाळ शेतात. फरक मालकीचा आहे. कारखान्यात सगळा माल एकाच संस्थेचा, त्यामुळे निर्णय एका बैठकीत होतो. ग्वेल्फला प्रत्येक टप्प्याचा मालक निराळा. ब्रुअरीवाल्याला माशांच्या खाद्याचं काय कळणार आणि त्याने ते का कळून घ्यावं? वाहतुकीचा खर्च कुणी सोसायचा, माल वेळेवर आला नाही तर जबाबदार कोण, अळ्यांच्या खाद्याला अन्न तपासणी खात्याची परवानगी आहे का, हे सगळं कुणीतरी रोज उठून निस्तरावं लागतं.

ते काम तिथे ‘प्रोव्हिजन कोअ‍ॅलिशन’ या संस्थेने केलं. मागे पैसा होता केंद्र सरकारच्या ‘स्मार्ट सिटीज चॅलेंज’चा, ग्वेल्फ शहर आणि वेलिंग्टन काउंटीने २०१९ मध्ये त्यात १ कोटी डॉलरचं बक्षीस जिंकलं होतं. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ही मधली भूमिका. दलाल या शब्दाला आपल्याकडे उगाच वाईट वास आहे. छोट्या धंद्यांना उद्दिष्टांची पत्रकं आणि कार्यशाळा नकोत, याचा उरलेला माल त्याच्या गरजेला जोडून देणारा खात्रीचा दलाल हवा. टोरांटोची ‘सेकंड हार्वेस्ट’ संस्था १९८५ पासून हेच करते: दुकानात उरलेलं चांगलं अन्न गरजूंना जेवण देणाऱ्या संस्थांपर्यंत पोचवते. तिथल्याच पीअर्सन विमानतळाच्या आसपासच्या उद्योगांसाठी २००८ पासून ‘पार्टनर्स इन प्रोजेक्ट ग्रीन’ चालतं, तिथेही एकाचं टाकाऊ दुसऱ्याच्या उपयोगी पाडण्यावर भर असतो.

अडचण आहे ती या मधल्या माणसाच्या पगाराची. बक्षिसाचा किंवा अनुदानाचा पैसा मुदतीचा असतो. नगरपालिकेने कचरा उचलण्याच्या वाचलेल्या खर्चातून हा पगार द्यावा, असं माझं मत. पाण्याचा किंवा कचऱ्याचा विभाग कायमचा असतो, मग या दलालाचाच का नसावा?

तोवर टोरांटोजवळच्या मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनमध्ये घरगुती डबे पुरवणाऱ्या मराठी मंडळींना एक काम आजही करता येईल. आठवडाभर रात्री उरलेलं आणि टाकलेलं वेगवेगळं तोलून वहीत मांडायचं: पोळ्या किती, भाजीची देठं-सालं किती, तळणीचं तेल किती, कोणत्या वारी जास्त. अशा एखाद्या मधल्या संस्थेला फोन केला की पहिला प्रश्न हाच येतो, काय आहे, किती किलो आणि कधी उचलायचं.