टीव्हीच्या लहरी मोबाईलवाल्यांनी पळवल्या?

वाशिंद, आसनगावकडे अजूनही एखाद्या जुन्या घरावर पाइपाला बांधलेला, काड्या झडलेला अँटेना दिसतो. त्याचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं : मोबाईल कंपन्यांनी दूरदर्शनच्या लहरी घेतल्या, म्हणून तो बंद पडला. यात थोडं तथ्य आहे, पण क्रम उलटा लावलेला आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्याचा वरळीचा मनोरा वाशिंदहून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एकजण कौलांवर चढायचा आणि खालून ओरडा, "आलं, आलं... गेलं!" पुढे केबल आली, 2004 साली दूरदर्शनचीच मोफत डिश सेवा आली, आणि सह्याद्री वाहिनी छत्रीवर स्वच्छ दिसू लागली. कौलांवर चढणार कोण? अखेर ऑक्टोबर 2021 मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केलं, की मोक्याची सुमारे 50 ठिकाणं सोडून जुने अॅनालॉग प्रक्षेपक मार्च 2022 पर्यंत बंद होतील. जिओने 700 मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तो त्यानंतर, ऑगस्ट 2022 मध्ये संपलेल्या लिलावात.

हा पट्टा जगभर टीव्हीचाच होता, एवढं मात्र खरं. अमेरिकेत तर 2017 साली त्याच्या शेजारच्या 600च्या पट्ट्यासाठी 175 स्टेशनांना सुमारे 10 अब्ज डॉलर मोजून लहरी सोडायला लावल्या. आपल्याकडे 600चा पट्टा 2022 मध्ये लिलावात ठेवला, त्यावर एकही बोली आली नाही. 526 ते 582 मेगाहर्ट्झ मात्र दूरदर्शनच्या वापरात असल्याने लिलावात काढू नये, असं दूरसंचार नियामक ट्रायनेच सांगितलं होतं.

मोबाईल कंपन्यांनी हे 'फुकटात लाटलं' हा आरोपही चुकीचा. 700चा पट्टा 2016 आणि 2021 मध्ये महाग म्हणून कुणी घेतलाच नाही. दर उतरल्यावर जिओने 10 मेगाहर्ट्झसाठी 39,270 कोटी मोजले, तेही फक्त 20 वर्षांच्या वापरासाठी. हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगून ठेवलंय.

700 म्हणजे सुसाट वेग, असंही नाही. या लहरी लांब जातात, भिंतीआड पोचतात. शहापूर-मुरबाडच्या विखुरलेल्या पाड्यांना ते उपयोगी. वेग मुख्यतः 3300च्या रुंद पट्ट्यातून मिळतो.

आणि टीव्ही-मोबाईलची खरी कुरबूर या 3300च्या पट्ट्याशेजारीच आहे, आपल्या छपरावर नाही. केबलवाल्याची ती मोठी छत्री 3700 ते 4200 मेगाहर्ट्झवर उपग्रहाचा सिग्नल घेते. 5जीला 3670 पर्यंत जागा दिली. मध्ये मोकळे फक्त 30. उपग्रहाचा सिग्नल येतो अगदी क्षीण, आणि छत्रीवरचे जुने एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारे भाग, 3400 पासूनचं सगळंच आत ओढतात. जवळच्या टॉवरने ते गुदमरले, की चॅनल चौकोनी तुकड्यांत फुटतो. उपाय म्हणजे एलएनबीपुढे चांगला फिल्टर; खर्च कोणी करायचा, हा वादाचा मुद्दा. घरची छोटी डिश 10,700च्याही वर चालते, तिला हा त्रास नाही. पावसात ती अडकली तर शिव्या ढगाला द्याव्यात.