‘किती वेळात?’ हे आधी विचारा

भोसरीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी फ्रिक्वेन्सीचं टेबल सांभाळते. नवीन आलेला मुलगा ऑसिलेटर काउंटरला जोडतो आणि म्हणतो, ‘मॅडम, एक हर्ट्झचा फरक येतोय.’ मी विचारते, ‘कितीमागे एक?’

मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तिथे एक हर्ट्झ चुकला, तर घड्याळ दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त चुकतं. १० मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरमध्ये तोच एक हर्ट्झ म्हणजे दिवसाला जेमतेम ९ मिलिसेकंद. म्हणून चुकीला मूळ फ्रिक्वेन्सीने भागायचं. हर्ट्झला हर्ट्झने भागल्यावर एकक उरत नाही, नुसता आकडा उरतो. दहा लाखांमागे एक म्हणजे एक पीपीएम. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक पीपीएमला दिवसाला ०.०८६४ सेकंद. घड्याळाच्या क्वार्ट्झवर २० पीपीएम लिहिलेलं असतं, ते महिन्याला सुमारे ५२ सेकंद झाले. शिवाय उन्हाळा आहेच. हा क्वार्ट्झ २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगात चालतो. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांवर तो आणखी सुमारे १४ पीपीएम मागे पडतो.

ही झाली अचूकता. स्थिरता वेगळी. रोज नेमकं दोन सेकंद पुढे जाणारं घड्याळ मला चालतं, कारण ते दुरुस्त करता येतं. आज दोन पुढे, उद्या एक मागे, अशा घड्याळाचं काय करायचं?

ही चंचलता नेहमीच्या प्रमाण विचलनाने मोजायला गेलं तर पंचाईत होते. ऑसिलेटर सावकाश सरकत असतो, त्यामुळे जितकं जास्त मोजावं तितका आकडा फुगतो. १९६६ साली अमेरिकेत बोल्डर इथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या डेव्हिड ॲलन यांनी वाट दाखवली. एका कालखंडाची सरासरी लगतच्या कालखंडाच्या सरासरीशी ताडून पाहायची. अशा फरकांच्या वर्गांची सरासरी काढून ती निम्मी केली की ॲलन व्हेरियन्स मिळतो. त्याचं वर्गमूळ म्हणजे ॲलन डेव्हिएशन. या दोन्हींत गल्लत झाली, तर दहाचा उणे अकरावा घात एकदम उणे बाविसावा होतो आणि साधा ऑसिलेटर कागदावर अद्भुत ठरतो.

तो कालखंड म्हणजे टाऊ, आणि तो सेकंदात मोजतात. माझ्या टेबलावर एका सेकंदाच्या टाऊला तापमान स्थिर ठेवणाऱ्या ओव्हनमधला चांगला क्वार्ट्झ रुबिडियमच्या अणुघड्याळाला सहज मागे टाकतो. दिवसभराच्या टाऊला रुबिडियम पुढे असतं. दिशादर्शक उपग्रहांत अणुघड्याळं लागतात ती यासाठीच. दिवसाला ९ नॅनोसेकंदांची चूक झाली, तरी तेवढ्यात प्रकाश पावणेतीन मीटर जातो.

तेव्हा ऑसिलेटर विकत घेताना माहितीपत्रकावर स्थिरतेचा आकडा असेल आणि शेजारी टाऊ नसेल, तर विक्रेत्याला फोन करून तो विचारा. सांगता आला नाही, तर तो ऑसिलेटर घेऊ नका.