गुळाच्या पाकांतील मासा : एक जपानी रीत

नेसरीच्या बाजूस मासळीचें कालवण म्हटलें म्हणजे वाटण, तिखट आणि आमसूल हीं आलींच. त्या कालवणाविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु भांगलणीच्या दिवसांत तिन्हीसांजेस शेतांतून परतलेल्या गृहिणीस वाटण वाटीत बसण्यास सवड कोठून असणार? अशा वेळीं जपानांत घरोघर चालणारी एक रीत आमच्या वाचकांनीं अवश्य करून पाहावी. तिला तिकडे 'तेरियाकी' म्हणतात. 'तेरि' म्हणजे तकाकी व 'याकी' म्हणजे भाजणें. सर्व काम अर्ध्या तासांत उरकतें.

हिचा जीव शोयूंत आहे. शोयू म्हणजे सोयाबीन व गहूं आंबवून काढलेला खारट, काळसर रस. येथें शेतकऱ्यानें क्षणभर थांबावें. खरीपांत आपण पोतींच्या पोतीं सोयाबीन पिकवितों. त्याचें तेल निघतें, पेंड कोंबड्यांच्या खाद्यांत जाते, आणि त्याच दाण्याच्या रसाची बाटली आपण शहरांतून विकत आणतों! जपानांत हा दाणा उकडून भाजक्या, भरडलेल्या गव्हांत मिसळतात, त्यावर 'कोजी' नांवाची बुरशी वाढवितात आणि मग मिठाच्या पाण्यांत कित्येक महिने मुरवितात. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं समुद्रशेवाळाच्या सारांतून ग्लुटामेट वेगळें काढून ज्या रुचीस 'उमामी' हें नांव दिलें, तीच रुचि या मुरण्यानें शोयूंत उतरते. हा प्रयोग घरीं अंदाजपंचें मात्र कोणीं करूं नये. उपकारक बुरशी व विषारी बुरशी यांतील भेद नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. बाटली घेतांना रस आंबवून केलेला आहे किंवा नाहीं, हें चिठ्ठीवर वाचून घ्यावें.

आतां कृति. तळ्यांतील रोहू किंवा कटला घेऊन त्याचे चार तुकडे, सुमारें ४०० ग्रॅम, करावे. शेपटीकडे बारीक कांटे फार, म्हणून मुलांसाठीं पोटाकडील तुकडे निवडावे. तळ्याच्या मासळीस पुष्कळदां चिखलाचा वास येतो. याकरितां पोटांतील काळें पातळ अस्तर खरवडून टाकावें, तुकड्यांस मीठ व लिंबू चोळावें, दहा मिनिटांनीं धुवावें आणि फडक्यानें अगदीं कोरडे करावे. ओला तुकडा तव्यावर शिजतो, भाजत नाहीं.

तोंवर वाटींत ३ चमचे शोयू, ३ चमचे पाणी, २ चमचे किसलेला गूळ व १ चमचा आल्याचा रस कालवून ठेवावा. जपानी लोक गुळाऐवजीं मिरिन नांवाची तांदळाची गोड दारू घालतात. आपल्याकडे कोल्हापुरी गूळ असतां (त्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें) तिची कांहीं गरज नाहीं; आमच्या जिभेस तर गूळच काकणभर सरस वाटला.

तव्यावर थोडें तेल तापवून तुकड्यांची एक बाजू चार मिनिटें व दुसरी तीन मिनिटें भाजावी, जादा तेल काढून टाकावें आणि वाटींतील रस ओतावा. जाळ मंद असूं द्यावा, कारण गूळ पाहतां पाहतां करपतो. दोन-तीन मिनिटांत रस आटून घट्ट होतो. तो पळीनें वारंवार तुकड्यांवर घालावा, म्हणजे ती तकाकी येते. शोयू खारट असल्यामुळें मीठ निराळें घालूं नये. सोबत आजऱ्याचा घनसाळ भात असावा.

आंबोली घाटानें येणारा बांगडाही असाच करतां येतो. किंवा त्यास मीठ लावून वीस मिनिटें ठेवावें, सुटलेलें पाणी पुसावें व निखाऱ्यावर भाजावा. ही रीतही जपानचीच. मात्र बांगडा पकडल्यापासून बर्फांत होता कीं नाहीं, हें विक्रेत्यास खोदून विचारावें. उन्हांत राहिलेल्या बांगड्यांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य वाढतें, आणि तें कितीही भाजलें तरी नष्ट होत नाहीं. त्यानें तोंड लाल होतें, अंगास खाज सुटते, डोकें दुखतें. डोळे खोल गेलेला, कल्ले काळवंडलेला आणि बोट दाबलें असतां खळगा तसाच राहणारा बांगडा पाटींतच राहूं द्यावा.