स्वर्ग नसला तरी दिवा लागतोच

पितृपक्ष लागला की आपल्याकडे घराघरात एकच धांदल सुरू होते. कुणाची तिथ कधी, अविधवा नवमीला सवाष्ण कोण मिळेल, कढी-वड्यांचा स्वयंपाक किती जणांचा, कावळा वेळेवर येईल की नाही! याच दिवसांत आमच्या महिला मंडळात एका नव्या सुनेने सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, समजा मेल्यावर काहीच नसलं, स्वर्ग नाही, पुढचा जन्मही नाही, तर एवढे उपास-तापास, पोथ्या-पारायणं कशाला करायची?"

दोघी-तिघींनी कानाला हात लावले. "असं बोलू नये गं माय," एक आजी म्हणाल्या. पण मैत्रिणींनो, प्रश्न उद्धट नाही. उलट प्रत्येकीने एकदा तरी देवघरासमोर बसून स्वतःला विचारावा असाच आहे. आपली भक्ती म्हणजे पुढच्या जगातल्या जागेसाठी भरलेला हप्ता आहे का? आणि ते जगच नसेल तर हप्ता बंद करायचा का?

आधी आपल्याच व्रतांकडे बघू या. श्रावणातल्या कहाण्या आठवा. जिवतीची पूजा लेकरांसाठी, हरतालिका नवऱ्यासाठी, महालक्ष्म्या घरातल्या धनधान्यासाठी. वटपौर्णिमेचे सात जन्म सोडले, तर आपल्या कहाण्यांमध्ये मागितलेलं बहुतेक सगळं याच जन्मातलं, याच घरातलं असतं. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर मला फार मोलाची वाटते. राजा हुकूम सोडतो, सगळं दूध देवळात आणून घाला. लेकरं, वासरं उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरातली लेकरंबाळं, गाई-वासरं तृप्त करते, मग उरलेलं खुलभर दूध महादेवाला वाहते आणि गाभारा भरून जातो! या म्हातारीला कुणी स्वर्ग कबूल केलेला नव्हता. लेकराच्या तोंडचं काढून घेतलेलं देवाला चालत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्या देवाकडे जात होत्या त्या मुख्यतः संसाराची गाऱ्हाणी घेऊन. यहुदी धर्माच्या सर्वांत जुन्या ग्रंथांतही असंच दिसतं. तिथे मेल्यानंतरच्या स्वर्गाची हमी जवळपास नाहीच. देवाचा आशीर्वाद म्हणजे वेळेवर पाऊस, धान्य, लेकरं आणि दीर्घायुष्य. तरीही ती माणसं कमालीची श्रद्धाळू होती.

"पण संसारासाठी मागणं हाही एक सौदाच झाला की!" असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच आपल्या संतांनी या देण्याघेण्यावरच बोट ठेवलं. ज्ञानेश्वर माउली नवव्या अध्यायात स्वर्गाच्या इच्छेने केलेल्या पुण्यालाही पापाच्याच रांगेत बसवतात. तुकोबांनी तर विठ्ठलाला सरळच सांगून टाकलं, मला मुक्ती नको, धनसंपदा नको, संतांची संगत दे. त्यासाठी पुन्हा जन्माला यावं लागलं तरी त्यांची हरकत नव्हती. जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटणं हेच सर्वांत मोठं बक्षीस मानलं जायचं, त्या काळात हे मागणं किती धाडसाचं!

आपल्या विदर्भातल्या कौंडण्यपूरची पालखी बघा. रुक्मिणीच्या माहेरची ही पालखी दरवर्षी शेकडो किलोमीटर चालत पंढरपूरला जाते. पायाला फोड आलेल्या एखाद्या वारकरी बाईला विचारा, "कशाला जाता?" स्वर्गाचं नाव क्वचितच निघेल. "गेल्याशिवाय करमत नाही बाई," हेच ऐकायला मिळतं. माहेरी जाणारी लेक काही मोबदल्याचा हिशेब करून जात नाही.

दूर इराकमधल्या बसरा शहरात आठव्या शतकात राबिया नावाची एक संत स्त्री होऊन गेली. तिची एक गोष्ट सूफी परंपरेत सांगतात. ती एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, स्वर्गाला आग लावते आणि नरक विझवून टाकते, म्हणजे लोक लोभाने किंवा भीतीने नव्हे, तर फक्त प्रेमाने देवाकडे वळतील. तुकोबांच्या देहूपासून हजारो मैलांवर, त्यांच्या कितीतरी शतकं आधी, एका बाईला हेच सुचलं होतं.

आता म्हणाल, संतांचं ठीक आहे, साध्यासुध्या माणसांना हे जमतं का? त्याचं उत्तर आपल्या नागपुरातच आहे. 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमीचा दिवस. ज्या मैदानाला आज आपण दीक्षाभूमी म्हणतो तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माईसाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यांतलीच एक. जरा विचार करा. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या दारिद्र्य आणि अस्पृश्यता सोसली, ज्यांना "गेल्या जन्मीचं पाप भोगता आहात, पुढच्या जन्मी चांगलं होईल" असंच ऐकवलं गेलं, त्या माणसांनी तो पुढच्या जन्माचा वायदाच परत केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. आत्मा एक देह सोडून दुसऱ्या देहात जातो ही कल्पना त्यांनी त्यात नाकारली आहे. माणसाने माणसाशी कसं वागावं, हा त्यांच्या मते धम्माचा गाभा.

मग श्रद्धा आटली का? आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात कुठल्याही बौद्ध वस्तीतल्या विहारात संध्याकाळी जाऊन बघा. दिवसभर चार घरची धुणी-भांडी केलेल्या बायका पांढरी साडी नेसून येतात, मेणबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि एकजण वाचते ते ग्रंथाचं पान बाकीच्या लक्ष देऊन ऐकतात. याला भक्ती म्हणायचं की आदर, यावर त्यांचं स्वतःचं मत आहे. "ताई, आम्ही बुद्धाला काही मागत नाही, त्याच्यासारखं वागायची आठवण करतो," असं एकीने मला समजावून सांगितलं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दूरदूरच्या गावांहून लोक भाकरी बांधून दीक्षाभूमीवर येतात आणि परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. मेल्यानंतरच्या कुठल्या लाभासाठी हे चाललेलं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे 1956 साली, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांच्या तोंडी सतत देवाचं नाव आणि हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडायची! कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, पोरांना शिकवा, हाच त्यांचा परमार्थ. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या जिवंत माणसांना रात्री डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून.

याचा अर्थ परलोकावर विश्वास ठेवणारी बाई अडाणी, असं मुळीच नाही. ज्या आईचं लेकरू गेलं, तिला "ते देवाजवळ आहे" या एका वाक्याचा केवढा आधार असतो ते मी दवाखान्यात पाहिलंय. अशा वेळी तिच्यासमोर तर्क मांडायला जाऊ नये. बुद्धानेही ते केलं नाही. किसा गोतमी मेलेलं बाळ कडेवर घेऊन आली तेव्हा त्याने तिला मूठभर मोहरी आणायला पाठवलं, पण जिथे कधीच कुणी मेलं नाही अशा घरातली. ती दारोदार फिरली. प्रत्येक घरात तिला तिच्यासारखंच दुःख भेटलं आणि तिचं मन हळूहळू ठिकाणावर आलं. बाळ अमुक ठिकाणी सुखात आहे, असं बुद्धाने सांगितलं नाही. तिच्यासाठी माणसांची दारं उघडली.

मात्र परलोकाच्या नावाने भीती दाखवली जाते तेव्हा गप्प बसू नये. आमच्या कामात दोन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली म्हणजे तेरवी. घरचा कमावता माणूस गेलेला, पोरांची फी थकलेली, आणि बाई सावकाराकडून पैसे उचलून गावजेवण घालते. का? तर "त्याच्या आत्म्याला शांती मिळणार नाही" असं चार लोकांनी तिच्या मनात भरवलेलं असतं. जेवणारे हात धुऊन जातात, व्याज ती बाई पुढची कित्येक वर्षं फेडते. आपल्या माणसाच्या मागे त्याची लेकरं उपाशी राहावीत, असं कोणत्या आत्म्याला वाटेल?

दुसरी गोष्ट नेत्रदानाची. "डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळं जन्माला येतात" ही समजूत आजही ऐकू येते. आपल्याच पुराणातल्या दधीची ऋषींनी तर आख्खी हाडं दिली होती! आमच्या ओळखीतल्या एक माळकरी आजी शेवटपर्यंत हरिपाठ म्हणत होत्या. त्यांनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं, "माझे डोळे देऊन टाका. पांडुरंगाले पाहून झालं माझं, आता दुसऱ्याले पाहू द्या." घरच्यांनी शब्द पाळला. त्यांचा परलोकावर विश्वास होता की नव्हता, मला माहीत नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

त्या नव्या सुनेला मी म्हटलं ते इतकंच. ज्या भक्तीला बक्षीस लागतं, ती बक्षिसाची खात्री ढळली की ढळते. जी भक्ती कृतज्ञतेतून, सोबतीतून, कुणाचं तरी दुःख वाटून घेण्यातून आलेली असते, तिला पुढच्या जन्माचा जामीन लागत नाही. तू दिवा लाव किंवा लावू नकोस. लावलास, तर त्या उजेडात घरातलं, शेजारचं कोण उपाशी आहे तेही दिसू दे.

आणि मैत्रिणींनो, या पितृपक्षात दोन कामं जरूर करा. घरच्यांना एकत्र बसवून सांगून ठेवा, "माझ्या तेरवीसाठी एक रुपयाही कर्ज काढायचं नाही." आणि नेत्रदानाचं बोलून ठेवा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीचा फोन नंबर दिसेल असा भिंतीवर लावा. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा. चष्मा असलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, शुगर किंवा बीपी असलेल्या व्यक्तीही डोळे देऊ शकतात. एका माणसाच्या दोन डोळ्यांनी दोघांना दिसू शकतं.