नेर, अधिक परसोपंत

महाराष्ट्रात नेर नावाचं गाव एकच नाही. धुळे जिल्ह्यात एक नेर आहे, जालना जिल्ह्यात एक आहे आणि शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, नेर पिंगळाई आहे. यवतमाळ–अमरावती रस्त्यावरचं आमचं गाव म्हणजे नेर परसोपंत. बोलताना कुणी परसोपंत जोडत नाही, पाकिटावर मात्र ते लिहावंच लागायचं. नेर हे मूळ नाव आणि परसोपंत ही त्याला लावलेली खूण. ती वाचली की पत्र न उघडता थैली ठरते. ईमेल पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून पुढे एखादा शब्द जोडण्याची आजची सोय नेमकी हेच काम करते. ही खूण कुणी लावायची आणि तिच्यावरून निवड कुणी करायची, हे गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच बदलत गेलं.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्यामागची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेला हा मराठी माणूस अजून पुरेसा ओळखला जात नाही, याची मला खंत वाटते. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि अर्धवट लिहिलेली पाकिटं, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. आमचा पिन ४४५१०२. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्र यवतमाळकडे वळतं आणि उरलेल्या तिनांवरून नेरच्या पोस्टात येतं. धुळ्याच्या नेरचा पिन ४२४ने सुरू होतो, नेर पिंगळाईचा ४४४ने. मराठी न वाचता येणारा सॉर्टरही आता परसोपंत आणि पिंगळाई यांत गफलत करणार नव्हता. पण सगळी निवड टपाल खात्याच्या हातात होती. ज्याच्या नावावर पत्र यायचं, त्याला त्यात काहीच ठरवता येत नव्हतं.

तारेच्या काळात याला एक अपवाद होता. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी पेढ्या वार्षिक फी भरून एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून घेत आणि लेटरहेडवर छापत. पूर्ण नाव आणि पेठ लिहिण्याऐवजी तो एक शब्द पुरायचा. मूळ पत्त्यासाठी स्वतः निवडलेलं दुसरं नाव म्हणजेच आजच्या भाषेत अलायस. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तोवर हे सगळेच विसरले होते.

संगणकाच्या जगात अलायस आला तो मेल पोचवणाऱ्या यंत्राच्या पोटात. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा प्रोग्रॅम १९८३ च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्सबरोबर पसरला. त्यात एक साधी फाईल असे. प्रत्येक ओळीत डावीकडे अलायस आणि उजवीकडे खरा माणूस. ही फाईल यंत्र सांभाळणाऱ्याच्या ताब्यात असायची. नव्वदच्या दशकात स्टीफन व्हान डेन बर्ग यांच्या प्रोकमेलने वापरणाऱ्याला स्वतःचे नियम लिहू दिले, तो मला या सगळ्या प्रवासातला मोठा टप्पा वाटतो. अमक्याकडून आलं तर इथे, विषयात तमका शब्द असेल तर तिथे. २००१ मध्ये अशा नियमांसाठी सीव्ह नावाची प्रमाण भाषा ठरली. अधिकच्या चिन्हापुढचा शब्द ओळखण्याची जोड तिला २००३ मध्ये मिळाली.

आमच्याकडे यातलं काही पोचलं नव्हतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांना खुलं केलं ते महानगरांत. तालुक्याच्या गावात ते नेट कॅफेच्या रूपाने पुढे कधीतरी आलं. १९९६ मध्ये निघालेल्या हॉटमेलमुळे फुकटचा मेल आयडी मिळू लागला, पण त्यात जागा दोन एमबीची. मेल वाचायचा आणि पुसायचा, एवढीच व्यवस्था असे. १ एप्रिल २००४ ला जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं आणि पुसण्याची गरज संपली. साठलेल्यातून हवं ते कसं सापडणार, हा प्रश्न तिथून सुरू झाला. जीमेलने फोल्डरऐवजी लेबल दिलं. एकाच मेलला दोन लेबलं लागू शकतात, कागदाच्या फायलीत हे कधी शक्य नव्हतं.

पण नेरसारख्या गावात मेल खऱ्या अर्थाने साठू लागला तो ऑनलाइन अर्जांमुळे. सीईटी, नीट, एमपीएससी, शिष्यवृत्ती, जिथे जावं तिथे मेल आयडी हवा. अनेक घरांत तो एकच. थोरल्या मुलाने काढलेला, धाकटीच्या प्रवेशाला वापरलेला, वडिलांच्या बँकेत दिलेला. काही घरांत तोही नव्हता, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचाच आयडी टाकला जायचा आणि प्रवेशाची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये शेकडो जाहिरातींखाली पडून राहायची. शहरातल्या नोकरदाराचं कामाचं आणि घरचं खातं वेगळं असतं. अलायसची गरज त्याच्यापेक्षा एकाच आयडीवर चालणाऱ्या या घरांना जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरी हे असं बसवलं आहे. मूळ आयडीच्या नावापुढे, ॲटच्या आधी, अधिकचं चिन्ह आणि एक शब्द. परीक्षांच्या अर्जात एक, बँकेला दुसरा, महावितरणला तिसरा. महावितरणच्या गो-ग्रीन योजनेत छापील बिल सोडून ईमेलवर बिल घेतलं की बिलात सूट मिळते, त्यामुळे वीजबिलाचा मेल आता कितीतरी घरांत येतो. मग प्रत्येक शब्दासाठी एक फिल्टर. ‘प्रति’मध्ये हा पत्ता असेल तर हे लेबल लाव. परीक्षेच्या फिल्टरला आणखी एक आज्ञा, कधीही स्पॅममध्ये टाकू नको. या एका खुणेचं मोल प्रवेशाच्या दिवसांत कळतं. मुलगा पुण्याला शिकत असेल तर तेवढेच मेल त्याच्याकडे आपोआप पाठवता येतात, बँकेचे मेल घरीच राहतात. आणि परीक्षेसाठी दिलेल्या पत्त्यावर कोचिंग क्लासची जाहिरात आली, तर पत्ता कुठून फुटला तेही दिसतं.

आता मुख्य अडचण. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये फिल्टर बनवताच येत नाही. एकदा संगणकावर बनवला की तो फोनवरही लागू होतो, पण बनवायला संगणक हवा, नाहीतर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट उघडून बारीक अक्षरांशी झटापट. आमच्या तालुक्यात बहुतेकांचं इंटरनेट फोनपासून सुरू झालं. त्यांना ही सोय आहे हेच माहीत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. कॉलेजच्या संगणक कक्षात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून एक फिल्टर बनवून घ्यावा, इतकं हे साधं काम आहे.

२०१३ मध्ये जीमेलने टॅब आणले. कोणता मेल महत्त्वाचा आणि कोणता जाहिरातीचा, हे कंपनीचं यंत्रच ठरवू लागलं. पुष्कळदा ते बरोबर ठरवतं. पण कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख सांगणारा, एकदम हजारोंना गेलेला मेल एखाद्या घरासाठी वर्षातला सर्वांत महत्त्वाचा मेल असू शकतो. ते त्या घरालाच ठाऊक असतं, म्हणून तो नियम त्या घरानेच लिहायला हवा.

सरकारने एक गोष्ट योग्य केली. केंद्राच्या २०१५ च्या ईमेल धोरणात अधिकाऱ्यांना दोन आयडी देण्याचं ठरलं, एक नावाचा आणि एक पदाचा. अधिकाऱ्याची बदली झाली तरी पदाचा पत्ता तिथेच राहतो आणि अर्जदाराला तोच पुरतो. सहकारी संस्था, शाळा, दवाखाने यांनीही सचिवाच्या खासगी आयडीवर कारभार चालवण्याऐवजी पदाचा आयडी ठेवावा. सचिव बदलला की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर निघून जातो, हे लहान गावांत नेहमीचं झालं आहे.

अधिकचं चिन्ह ईमेलच्या १९८२ च्या मानकापासून वैध आहे. तरीही आपल्याकडचे कितीतरी अर्ज ते टाकलं की ‘ईमेल पत्ता चुकीचा’ म्हणतात. अशा ठिकाणी वेगळा अलायसच घ्यावा लागतो. आउटलुकमध्ये तो खात्यालाच जोडता येतो, ॲपलने २०२१ मध्ये पैसे भरणाऱ्या ग्राहकांना खरा पत्ता झाकणारे पत्ते दिले, फायरफॉक्सची रिले सेवाही आहे. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि देवनागरी ईमेल पत्त्यांची मानकं २०१२ पासून तयार आहेत, पण परीक्षांच्या अर्जात तसा पत्ता मी अजून टाकू शकलेलो नाही. अर्ज बनवणाऱ्यांनी आधी अधिकचं चिन्ह स्वीकारावं. ती एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि पुढच्या प्रवेशफेरीआधी ती सहज होऊ शकते.