काट्यातला पासंग आणि चार रेझिस्टर

सूत असो, भंगार असो की सुकामेवा, धंद्यातले बरेचसे तंटे वजनावरून होतात. जुन्या तागडीचा पासंग डोळ्यांना दिसायचा आणि हलक्या पारड्याला खडा बांधून काढताही यायचा. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्यातला पासंग एका लहानशा सर्किटात लपलेला असतो. काटे दुरुस्त करणाऱ्या आपल्या होतकरू कारागिरांसाठी आणि त्यांच्याकडे काटा घेऊन जाणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी हे लिहीत आहोत. आम्ही पडलो कापडवाले, शिक्षण उर्दू शाळेत झालेले. पण ही गोष्ट मुळात वजाबाकीची आहे आणि वजाबाकी कोणत्याही व्यापाऱ्याला समजते.

काट्याच्या तव्याखाली लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. त्यावर चिकटवलेल्या चार गेजचा व्हीटस्टन ब्रिज बनतो. ब्रिजला 5 व्होल्ट दिले की बाहेर येणाऱ्या दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. बोजा पडला की एक तार किंचित वर जाते, दुसरी किंचित खाली. दर व्होल्टमागे 2 मिलिव्होल्ट देणारा 100 किलोचा सेल पूर्ण भारावर अवघा 10 मिलिव्होल्ट फरक देतो, म्हणजे किलोला 0.1 मिलिव्होल्ट. दोन्ही तारांवरचे समान अडीच व्होल्ट टाकून द्यायचे आणि फरक तेवढा मोठा करायचा, हे डिफरन्शियल ॲम्प्लिफायरचे काम. शेजारच्या यंत्रमागांच्या मोटारींचा उपद्रवही दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो, म्हणून तोही वजा होतो. मात्र तारा एकमेकींत पिळलेल्या हव्यात.

साध्या रचनेत एक ऑपॲम्प आणि चार रेझिस्टर लागतात. दोन्ही तारांच्या वाटेत 1-1 किलोओहम, उलट्या टोकापासून आउटपुटपर्यंत 100 किलोओहम आणि सुलट्या टोकापासून ग्राउंडला तेवढाच. फरक 100 पट होतो. कागदावर झकास! पण समान भाग पूर्ण वजा व्हायला दोन्ही बाजूंचे गुणोत्तर तंतोतंत जुळावे लागते. बाजारातले 1 टक्क्याचे रेझिस्टर लावले आणि चारही नेमके वाईट दिशेने चुकले, तर समान भाग फरकाच्या तुलनेत सुमारे 2,500 पटच दाबला जातो. अडीच व्होल्टला 2,500 ने भागा: 1 मिलिव्होल्ट. म्हणजे रिकाम्या काट्यावर 10 किलो! 0.1 टक्क्याचे रेझिस्टर लावले तरी किलोभर उरतोच. सकाळी टेअरचे बटण दाबून तो झाकता येतो, पण दुपारी रेझिस्टर तापले, व्होल्टेज हलले की त्यातला काही भाग परत येतो. सुताच्या गोणीवर शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले की विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या नियतीवर शंका घेतात, आणि दोषी असतो दोन-चार रुपयांचा रेझिस्टर.

दुसरी अडचण अशी की 350 ओहमच्या ब्रिजची प्रत्येक तार स्वतःच 175 ओहमची वाटते. ती 1 किलोओहममध्ये मिळते आणि 100 पट ठरवलेली वाढ 85 वर येते.

म्हणून जाणकार तीन ऑपॲम्पची रचना करतात. पुढचे दोन तारांमधून जवळजवळ करंट ओढतच नाहीत. त्यांच्यामध्ये 10-10 किलोओहम आणि मधोमध 200 ओहमचा एक रेझिस्टर ठेवला की फरक 101 पट होतो, समान भाग मात्र जसाच्या तसा पुढे जातो. तिसरा ऑपॲम्प उरलेली वजाबाकी करतो. वाढ बदलायची तर मधला एकच रेझिस्टर बदलायचा; चौघांची जुळवाजुळव पुन्हा नको.

ऑपॲम्प निवडतानाही कंजुषी नको. जुन्या 741 चा स्वतःचा पासंग 6 मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, आपला पूर्ण माल 10 मिलिव्होल्ट! ओपी 07 च्या चांगल्या प्रतीत तो 0.075 मिलिव्होल्टच्या आत असतो.

आता एचएक्स 711 सारख्या चिपमध्ये 128 पट वाढ आणि 24 बिटांचे रूपांतर एकत्रच मिळते. स्वस्तातल्या अनेक बोर्डांवर तीच दिसते. तरी काटा हलू लागला की बोर्ड फेकण्याआधी मीटर लावा. रिकाम्या काट्यावर दोन्ही सिग्नल तारा ग्राउंडपासून अडीच व्होल्टच्या आसपास हव्यात. एक जरी बरीच सरकलेली दिसली, तर बिघाड लोडसेलमध्ये किंवा त्याच्या तारेत शोधावा, बोर्डात नव्हे. दुरुस्तीनंतर प्रमाणित वजन ठेवून पडताळा घ्यावा आणि वजनमापे खात्याकडून काटा पुन्हा मुद्रांकित करून घ्यावा.