चाहत्यांच्या लेव्हल-संग्रहाचे संकेतस्थळ नवे करताना

‘डूम’ (१९९३) या गेमचे नकाशे मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या वॅड फाइलमध्ये असतात. म्हणूनच चाहते स्वतःच्या लेव्हल बनवू शकले. ‘आयडीगेम्स’ या त्यांच्या जुन्या संग्रहात झिप फाइलसोबत त्याच नावाची मजकूर फाइल असते; लेव्हल कोणाची, परवानगी काय, हे तीत असते.

असा संग्रह नव्या सर्व्हरवर नेताना विद्यार्थी आधी पानांचे रूप बदलायला घेतात. खरा धोका मात्र नावांत आहे. डॉसला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळत नसे, लिनक्सला कळतो. त्यामुळे फाइल डिस्कवर असूनही लिंक ४०४ दाखवते. हलवण्याआधी प्रत्येक फाइलचा हॅश काढा, नंतर ताडून पाहा आणि जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टने चालू ठेवा.

नवीन अपलोडची तपासणी त्यामानाने सोपी. वॅडच्या पहिल्या १२ बाइटांत ४ प्रकाराचे, ४ लम्पच्या संख्येचे, ४ सूचीच्या स्थानाचे. सूचीतली नोंद १६ बाइटची. म्हणजे स्थान + १६ × संख्या ही बेरीज फाइलच्या आकारापेक्षा मोठी आली, तर फाइल अर्धवट आहे, नाकारा. जुन्या फाइलला मात्र हा नियम लावून ती पुसू नका, फक्त ‘सदोष’ अशी खूण करा. दुसरी प्रत मागायला तिचा कर्ता आता सापडेलच असे नाही.